रंगभूमीवरील उन्माद आणि माजघरांतील मौन

प्रतिवर्षीं नोव्हेंबर महिन्याच्या ५ तारखेस सांगलीस नाट्यव्यवसायी व रसिक यांचा मेळा जमतो आणि रंगभूमीची दीर्घकाळ सेवा केलेल्या एखाद्या कलावंतास विष्णुदास भावे यांच्या नांवाचें गौरवपदक अर्पण केलें जातें. १८४३ सालीं सांगलीचे अधिपति श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णु अमृत भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग केला, आणि तेथून मराठी रंगभूमीचा संसार सुरू झाला अशी आपली परंपरा आहे. या दिवशीं भाव्यांचें स्मरण होतें, राजाश्रयाचें स्मरण होतें. परंतु त्या पहिल्या प्रयोगांतील सीतेचें स्मरण सहसा कोणी करीत नाहीं. ती सीता स्त्री नव्हती. लुगडें नेसलेला, स्त्रीचा साज ल्यालेला तो एक पुरुषच होता.

ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्यामुळेंच तिच्याकडे आपण फारसें लक्ष देत नाहीं. पण तिच्यांतून एक प्रश्न निघतो, आणि तो केवळ नाट्येतिहासाचा नसून आपल्या घराचा आहे. सुमारें ९० वर्षें मराठी प्रेक्षकांनीं स्त्रीचा शोक, तिची भीति, तिचा भ्रम हें सारें बहुतांशीं पुरुषांनीं लिहिलेलें, पुरुषांनीं बसविलेलें आणि पुरुषांनींच वठविलेलें पाहिलें. मग घरांतील खरी स्त्री जेव्हां मनानें आजारी पडली, तेव्हां तो आजार ओळखण्याची दृष्टि आपणांस कोठून मिळाली? आणि जी मिळाली ती खरी होती काय?

आपल्या बोलण्यांतील एका साध्या वाक्प्रचाराकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें. घरांतील सून तीन-तीन दिवस नीट जेवत नाहीं, रात्रीं तिचा डोळ्याला डोळा लागत नाहीं, पोळ्या करतां करतां तवा तापत ठेवून ती भिंतीकडे पाहत उभी राहते आणि कोणी हाक मारली कीं एकाएकी रडूं लागते. अशा वेळीं माजघरांतून पहिला उद्गार कोणता निघतो? “नाटकें करते!” तेंच मुलगा अबोल झाला, कामावरून येऊन कोणाशीं न बोलतां अंथरुणावर पडून राहिला, तर “त्याच्या डोक्याला फार ताप आहे” असें म्हणून सारें घर आवाज खालीं आणतें. एकाच दुःखाला दोन नांवें! आणि त्यांतही स्त्रीच्या दुःखासाठीं आपण रंगभूमीवरूनच शब्द उसना घ्यावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

हा विचार करण्यास कृष्णाकांठासारखें दुसरें ठिकाण सांपडणें कठीण. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून वाहते. हे दोन जिल्हे तरी खरे पाहतां एकमेकांचे भाऊबंदच. १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ म्हणून जो जिल्हा निर्माण झाला, त्यासच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. या नदीच्या कांठीं कऱ्हाडजवळील टेंभू येथें १८५६ सालीं गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आणि त्याच नदीला जेथें वारणा येऊन मिळते त्या सांगलीजवळच्या हरिपुरांत १८५५ सालीं गोविंद बल्लाळ देवल जन्मले. मनुष्याच्या मनाचे विकार मराठी रंगभूमीवर आणण्याचें मोठें कार्य या दोघांच्या हातून घडलें आहे.

पुरुषाचें वेड आणि स्त्रीचें वेड

उन्माद हा आपल्या नाट्यशास्त्रास अपरिचित नाहीं. भरतमुनींनीं जे ३३ व्यभिचारी भाव सांगितले त्यांत चिंता, मोह, विषाद, अपस्मार यांच्या जोडीला उन्मादही आहे. परंतु हा उन्माद कोणाच्या वांट्याला कसा आला, हें पाहिलें म्हणजे मौज वाटते. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’चा चौथा अंक घ्या. उर्वशी अदृश्य झाल्यामुळें राजा पुरूरवा भ्रमिष्ट होऊन वनांत हिंडतो. मोराला, हंसाला, हत्तीला, नदीला तो तिचा ठावठिकाणा विचारतो. त्याच्या वेडाला कवीनें अख्खा अंक दिला, आणि संस्कृत वाङ्मयांतील अत्यंत रमणीय असे भाग ज्यांत मोडतात अशी वाणी दिली. आणि उर्वशी? ती रागाच्या भरांत कुमारवनांत शिरली आणि वेल होऊन राहिली. दुःख दोघांचेंही, पण एकाचें दुःख काव्य झालें आणि दुसरीचें मुकें झाड झालें. देवलांनीं हें नाटक मराठींत आणलें, तेव्हां आपल्या प्रेक्षकांनींही तें असेंच पाहिलें.

आतां आगरकरांकडे वळूं. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक आणि आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले, हें शाळकरी मुलांसही माहीत आहे. परंतु तें प्रकरण मुळांत काय होतें, हें मात्र आपण विसरतों. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांस वेड लागलें आहे असें ठरवून त्यांस देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें होतें. त्यांचा छळ होत आहे, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं केला, त्याच्या आधाराचीं पत्रें बनावट ठरलीं आणि संपादकांस शिक्षा झाली. पुढें १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगरच्या किल्ल्यांत एका गोऱ्या रखवालदाराशीं झालेल्या झटापटींत त्या दुर्दैवी राजाचा अंत झाला. आणि याच १८८३ सालीं आगरकरांचें ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झालें. तें शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें भाषांतर. ज्या राजपुत्राचें वेड खरें कीं सोंग, हें दरबाराला कळत नाहीं, त्याची ही कथा! जो लेखक एका राजाच्या वेडासंबंधीं लिहून तुरुंगांत गेला, त्याच्याच हातून त्याच सुमारास ती मराठींत यावी, यांतील मर्म वाचकांच्या ध्यानीं येईलच.

‘शाहूनगरवासी’ नाटक मंडळीनें हें नाटक गाजविलें. शाहूनगर हें साताऱ्याचेंच नांव. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट आणि बळवंतराव जोग यांच्या स्त्रीभूमिका यांचा लौकिक महाराष्ट्रभर झाला. गणपतरावांचा हॅम्लेट पाहून लोक काय शिकले? विचाराच्या अतिरेकानें थोर मनुष्याचें मन कसें पोखरतें, हें शिकले. पण त्याच नाटकांत एक मुलगी खरोखरच वेडी होते. बापाच्या आज्ञेनें ती प्रियकरास परत पाठविते, प्रियकर तिची विटंबना करतो, त्याच प्रियकराच्या हातून बाप मरतो, आणि ती फुलें वांटीत, गाणीं गात शेवटीं पाण्यांत बुडून मरते. ऑफीलियाच्या या वेडाचें पुढें काय झालें?

इलेन शोवाल्टर या अमेरिकन विदुषीनें १९८५ सालीं या प्रश्नावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि त्याच वर्षीं इंग्लंडांतील स्त्रियांच्या वेडाचा इतिहासही ग्रंथरूपानें मांडला. तिचें म्हणणें थोडक्यांत असें : हॅम्लेटच्या वेडास लोक तत्त्वज्ञान समजले, ऑफीलियाच्या वेडास स्त्रीस्वभाव समजले. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळांत ऑफीलिया शोधूं लागले. १८५० नंतरच्या दशकांत ह्यू डायमंड नांवाच्या डॉक्टरानें आपल्या इस्पितळांतील रुग्ण स्त्रियांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांतील एकीस त्यानें ऑफीलियाप्रमाणें पानाफुलांनीं सजविलें होतें. पुढें १८७८ सालीं एलन टेरी या विख्यात इंग्रज नटीस ऑफीलियाची भूमिका करावयाची होती, म्हणून ती वेड्यांचें इस्पितळ पाहण्यास गेली. पण तेथील स्त्रिया तिला फारच नाटकी वाटल्या आणि त्यांच्यापासून आपणांस कांहीं शिकतां आलें नाहीं, असें तिनें नमूद करून ठेवलें. नटीलासुद्धां खरें दुःख नाटकी वाटावें! आमच्या माजघरांतील “नाटकें करते” हा उद्गार एकट्या महाराष्ट्राचा नाहीं, हें यावरून दिसेल.

हरिपूरचा मनोवैद्य

देवल हे कांहीं वैद्य नव्हते. परंतु त्यांच्या सात नाटकांकडे एकत्र पाहिलें तर तीं जणू मनोविकारांचें एक दालनच वाटतें. ‘दुर्गा’ (१८८६) हें त्यांचें पहिलें नाटक इझाबेला नांवाच्या नायिकेच्या इंग्रजी शोकांतिकेवरून घेतलेलें. नवरा मेला असें समजून दुसरें लग्न केलेली ही नायिका, पहिला नवरा जिवंत परत आलेला पाहून मूळ नाटकांत वेडी होते. ‘झुंझारराव’ (१८९०) म्हणजे ‘ऑथेल्लो’. त्यांत संशयानें पछाडलेला वीर निष्पाप पत्नीचा प्राण घेतो. आणि ‘संशयकल्लोळ’ (१९१६) मध्यें हाच संशय विनोदाचा विषय होतो; फाल्गुनराव आणि कृत्तिका हें जोडपें एकमेकांवर असा कांहीं वहीम घेतें कीं प्रेक्षागृह हंसून लोटपोट होतें.

येथें थोडें थांबलें पाहिजे. संशय हा विकार दोन्ही नाटकांत एकच आहे. परंतु शोकांतिकेंत संशय घेणारा पुरुष आणि मरणारी स्त्री, तर प्रहसनांत दोघेही संशयी आणि दोघेही सुखरूप. जीवनांत मात्र हा विकार प्रहसनाच्या वाटेनें क्वचितच जातो. १९५५ सालीं टॉड आणि ड्यूहर्स्ट या दोघां मनोविकारतज्ज्ञांनीं जोडीदाराच्या निष्ठेविषयींच्या निराधार, अनावर संशयास ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ हें नांव दिलें, आणि तेव्हांपासून डॉक्टरी ग्रंथांतही तें रूढ झालें. हा विकार स्त्री-पुरुष दोघांसही होतो. मद्यपानाच्या व्यसनाशीं त्याचा निकटचा संबंध आहे. आणि त्यांतून जोडीदाराच्या जिवास अपाय होण्याचा धोका असतो. “त्याचा स्वभावच तसा, बायकोवर जीव फार” असें म्हणून आपण ज्यावर पांघरूण घालतों, तें कधीं कधीं डॉक्टरला दाखविण्याजोगें दुखणें असतें.

परंतु देवलांचें खरें थोरपण त्यांच्या एकमेव स्वतंत्र नाटकांत आहे. ‘शारदा’ (१८९९) कोणाच्या घरीं परिचित नाहीं? पैशाच्या लोभानें कांचनभट आपली कोंवळी मुलगी भुजंगनाथ या थेरड्यास देऊं करतो. आई इंदिराकाकू तळमळते, पण तिचें कांहीं चालत नाहीं. ऐन लग्नांत सगोत्रतेचा प्रश्न निघून तें मोडतें. आणि अर्धवट लग्न झालेली ही मुलगी, आतां आपणांस कोण पत्करणार, या विचारानें नदीकडे जीव देण्यास धांवते. कोदंड तिला वांचवितो आणि जगद्गुरूंच्या अनुज्ञेनें त्या दोघांचा विवाह होतो.

शारदा आणि ऑफीलिया या दोघीही पाण्याकडे जातात. पण देवलांनीं एक गोष्ट केली नाहीं : त्यांनीं शारदेला वेडी केलें नाहीं. ती फुलें वांटीत, असंबद्ध गात नदीवर जात नाहीं. तिचें डोकें पूर्ण ठिकाणावर आहे. आपल्या मैत्रिणींपाशीं ती मनांतलें बोलते, आपल्यावर काय प्रसंग गुदरला आहे हें तिला नेमकें कळतें, आणि कळतें म्हणूनच ती निघते. वेड असलेंच तर तें तिच्या डोक्यांत नसून तिच्या घराच्या व्यवहारांत आहे, हें हरिपूरच्या या ब्राह्मण नाटककारानें ब्राह्मण प्रेक्षकांसमोर १८९९ सालीं उभें करून दाखविलें. आजच्या विद्वानांनीं मोठ्या परिश्रमानें मांडलेला सिद्धांत त्यानें एका सरळ कथेंत सांगून टाकला होता.

आक्षेप घेण्यास जागा आहेच. शारदेची सुटका शेवटीं एका तरुणाच्या हातानें आणि धर्मपीठाच्या अनुज्ञेनेंच होते. तिच्या दुःखावर नाटककारास दुसऱ्या लग्नावांचून औषध सुचत नाहीं. हा आक्षेप खरा आहे. परंतु ज्या काळीं मुलीच्या तोंडून ‘मला हें नको’ एवढेंच निघणें म्हणजे आकाश कोसळण्यासारखें होतें, त्या काळीं एवढें बोललेली शारदा ही थोडकी नव्हे. बालविवाहास आळा घालणारा कायदा त्यानंतर ३० वर्षांनीं, १९२९ सालीं झाला. तो हरविलास सारडा यांच्या नांवानें ओळखला जातो. मराठी घरांत मात्र पुष्कळांनीं ‘सारडा’चें ‘शारदा’ करून टाकलें, हें त्या नाटकाचेंच यश म्हणावें लागेल.

स्त्रीवेषांतील शोक

आतां ज्यांच्या कंठांतून हीं दुःखें आपल्यापर्यंत पोहोंचलीं त्या स्त्रीपार्टी नटांचा विचार केला पाहिजे. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १९११ च्या मार्च महिन्यांत मुंबईस झाला. त्याच दिवशीं, भामिनीची भूमिका करणाऱ्या नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा, असें सुचविलें असतांही ते रंगभूमीवर उभे राहिले आणि प्रेक्षकांस त्यांनीं कांहीं कळूं दिलें नाहीं. नागठाण्याच्या या महान् कलावंताची ही हकीकत आपण अभिमानानें सांगतों, आणि ती तशी सांगण्यासारखीच आहे.

पण ती सांगतांना आपण बापाची निष्ठा वाखाणतों. मुलीच्या आईचा विषय सांगणाऱ्याच्या ओठीं सहसा येत नाहीं. बापाचें दुःख स्त्रीच्या वेषांत हजारों लोकांच्या टाळ्यांत उभें होतें. आईचें दुःख घरांत होतें, आणि तेथें टाळ्या नव्हत्या. शिवाय बापाकडूनही त्या रात्रीं रडण्याचा हक्क काढून घेण्यांत आलाच होता. ‘प्रयोग झालाच पाहिजे’ या ब्रीदाची आपण पूजा करतों, पण त्या ब्रीदाखालीं किती नटांचे शोक न ढाळलेल्या अश्रूंसह गाडले गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं.

मीरा कोसंबी यांनीं स्वातंत्र्यपूर्व मराठी रंगभूमीवरील आपल्या ग्रंथांत (२०१५), नीरा आडारकर यांनीं १८४३ ते १९३३ या काळांतील स्त्रियांच्या शोधावर लिहिलेल्या निबंधांत (१९९१), आणि कॅथरीन हॅन्सन या अमेरिकन अभ्यासिकेनें पारशी, गुजराथी व मराठी रंगभूमीच्या अभ्यासांत या स्त्रीपार्टी परंपरेचा ऊहापोह केला आहे. या अभ्यासांतून जो विचार पुढें येतो तो असा कीं, पुरुषांनीं रंगविलेली ही स्त्री केवळ स्त्रीची नक्कल राहिली नाहीं; ती स्त्रियांसाठींच नमुना झाली. बालगंधर्वांचें लुगडें, त्यांचा अंबाडा, त्यांची चाल यांचें अनुकरण घरंदाज स्त्रिया करूं लागल्या, हें आपल्या आज्यांनीं आपणांस सांगितलेलेंच आहे. मग जर नेसणें आणि चालणें रंगभूमीवरून घरांत आलें, तर रडण्याची आणि सोसण्याची रीतही तेथूनच आली नसेल काय?

याचें ठळक उदाहरण म्हणजे राम गणेश गडकरी यांची ‘एकच प्याला’मधील सिंधू. १९१९ सालीं गडकऱ्यांच्या निधनानंतर अवघ्या महिन्याभरांत हें नाटक रंगभूमीवर आलें आणि बालगंधर्वांच्या सिंधूनें महाराष्ट्र रडविला. सुधाकर अपमानाचें दुःख विसरण्यासाठीं प्याला उचलतो. त्याच्या दुःखाला निदान तो प्याला तरी आहे. सिंधूच्या दुःखाला कांहींच नाहीं. ती दळण दळते, सोसते, नवऱ्याच्या हातून मूल गमावते, आणि मरतां मरतां त्याच्यावर बालंट येऊं नये म्हणून फौजदारापुढें खोटें बोलते. आम्हीं रडलों, आणि घरीं येऊन सुनांस सिंधूचा आदर्श सांगितला. गडकऱ्यांनीं व्यसनाची भयानकता दाखविली. आम्ही मात्र तिच्यांतून सोशिकतेचें सौंदर्य तेवढें उचललें. नाटककाराचा दोष किती आणि प्रेक्षकांचा किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

१९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’नें ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलें आणि ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या सुशिक्षित स्त्रिया स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून घेतलेल्या त्या नाटकाचा विषयच मुळीं स्त्रीला एक नीति आणि पुरुषाला दुसरी नीति कां, हा होता. पुढें १९७७ सालीं आलेल्या जयवंत दळवी यांच्या ‘बॅरिस्टर’ नाटकांत वेडाची घराण्यांतील परंपरा आणि सोंवळ्या विधवेचें कोंडलेलें आयुष्य हीं एकाच वाड्यांत शेजारीं शेजारीं उभीं केलेलीं आहेत. वेड हें रक्तांतून येतें कीं वाड्याच्या भिंतींतून, हा प्रश्न तेथें प्रेक्षकांपुढें उघड उभा राहतो.

मग आपण काय करावें?

येथें एक इशारा दिला पाहिजे. वरील विवेचनावरून कोणी असें समजूं नये कीं, स्त्रीचा प्रत्येक मानसिक आजार हा सासरच्या छळाचाच परिणाम असतो. तसें समजणें हाही एक अन्यायच होईल. चांगल्या, प्रेमळ घरांतील बाळंतिणीसही बाळंतपणानंतर तीव्र नैराश्य येऊं शकतें. भ्रमिष्ट करणारे कांहीं आजार मेंदूच्या व्यापारांतील बिघाडानें होतात आणि त्यांस औषधच लागतें. मायेनें ताप उतरत नाहीं तसाच हाही उतरत नाहीं. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें नैराश्याचा आजार पुरुषांपेक्षां स्त्रियांत सुमारें दीडपट आढळतो, आणि एवढा मोठा फरक केवळ शरीररचनेनें पडतो असें म्हणतां येत नाहीं. पुण्याच्या दिवंगत विदुषी भार्गवी दावर यांनीं भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरील १९९९ च्या ग्रंथांत हेंच प्रतिपादिलें आहे कीं, स्त्रीच्या मनाचा विचार तिच्या घरांतील व समाजांतील स्थानापासून तोडून करतां येत नाहीं. औषध आणि घर, दोहोंचाही विचार हवा.

कायदाही बदलला आहे. शारदा रंगभूमीवर आली तेव्हां दंडसंहितेप्रमाणें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. म्हणजे नदीतून वांचलेली शारदा कायद्याच्या दृष्टीनें आरोपी ठरली असती! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असें ठरविलें कीं, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र ताणाखालीं होती असेंच गृहीत धरावें आणि तिच्या शुश्रूषेची व पुनर्वसनाची व्यवस्था सरकारनें करावी. देवलांनीं जें प्रेक्षकांच्या हृदयास पटवून दिलें, तें कायद्याच्या पुस्तकांत शिरण्यास ११८ वर्षें लागलीं.

सिंधूचीही वाट आतां बदलली आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्रांत (स्थापना १९८६) रुग्णांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचे मेळावे भरतात. नवऱ्याचें व्यसन लपविणें हें पातिव्रत्य नव्हे, हें तेथें त्या एकमेकींपासून शिकतात. सातारा येथें डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्थाही व्यसनमुक्तीचें व मानसिक आरोग्याचें काम करीत आली आहे. ज्यांस डॉक्टरकडे जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें २०२२ पासून १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक ठेवला आहे. त्यावर रात्रीं-अपरात्रींही बोलतां येतें, आणि मराठींतही बोलतां येतें.

परंतु संस्था आणि कायदे हे उंबरठ्याबाहेरचे. उंबरठ्याच्या आंतील काम घरच्या माणसांनींच केलें पाहिजे, आणि तें फार अवघड नाहीं. घरांतील कोणाचीही झोप किंवा भूक पंधरा दिवसांहून अधिक काळ हरपली, नेहमींच्या आवडीच्या कामांतून मन उडालें, ‘मी नसतें तर बरें’ असे शब्द तोंडून निघूं लागले, तर तें दुखणें आहे असें समजावें. अशा मनुष्यास उपदेश करण्याआधीं त्याचें ऐकून घ्यावें. शब्द मरणाविषयीं असतील तर त्यास एकटें ठेवूं नये आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. मरणाचा विषय काढून विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही समजूत चुकीची आहे. नवस, अंगारे, दृष्ट काढणें यांनीं ज्यांच्या मनास धीर येतो त्यांनीं तो घ्यावा. पण त्यापायीं औषधोपचारास एक दिवसही उशीर करूं नये. आणि ज्या घरीं सासूबाई स्वतः सुनेबरोबर दवाखान्यांत जाऊन बसतील, त्या घरांतील निम्मा आजार दाराशींच ओसरेल, असें आम्हांस वाटतें. कारण “लोक काय म्हणतील” या भीतीवर, घरांतील वडील माणूस बरोबर असणें याहून मोठा उतारा नाहीं.

पुरुषांच्या बाबतींतही हेंच खरें. हॅम्लेटच्या वेडाला आपण थोरपण चिकटविलें, त्यामुळें घरांतील कर्त्या पुरुषाचा आजार ‘विचारी स्वभाव’ या नांवाखालीं झांकला गेला. सुधाकराच्या व्यसनाला आपण अपमानाचें निमित्त दिलें, त्यामुळें त्याचा उपचार लांबला. स्त्रीचें दुःख खोटें ठरविणें आणि पुरुषाचें दुःख भव्य ठरविणें, दोहोंचा परिणाम एकच : उपचार कोणालाच मिळत नाहीं.

हरिपूरच्या संगमावर आजही सायंकाळीं माणसें येऊन बसतात. कृष्णा आणि वारणा तेथें एकत्र होतात, आणि थोडें पुढें गेल्यावर कोणतें पाणी कोणाचें हें ओळखूं येत नाहीं. देवलांनीं आपल्या शारदेला ज्या नदीकडे धाडलें ती नाटकांतली होती. पण खऱ्या नद्यांकडे आणि विहिरींकडे गेलेल्या मुलींची आठवण कोणत्या गांवीं नाहीं? त्यांच्यांतील कितीजणींनीं आधीं घरांत कांहीं सांगण्याचा प्रयत्न केला असेल, आणि त्यांस “नाटकें करूं नकोस” असें उत्तर मिळालें असेल! रंगभूमीवरील खोट्या शारदेसाठीं आपण रुमाल ओले केले, तें योग्यच केलें. आतां निदान एवढें करूं कीं, घरांत कोणी रडूं लागलें तर तें नाटक आहे असें म्हणण्यापूर्वीं तिच्याशेजारीं जाऊन बसूं आणि विचारूं, “काय होतंय गं तुला?” आणि उत्तर येईपर्यंत उठूं नये.